अतिगालन : एका शास्त्रीय शब्दाचा अर्थ आणि उपयोग

गाळणे ही क्रिया मराठी घरात दिवसातून अनेक वेळा घडते. सकाळी चहा गाळला जातो, सणावाराला साखरेचा पाक फडक्यातून गाळून घेतला जातो, आणि श्रीखंडाच्या आदल्या रात्री दही पंच्यात बांधून खुंटीस टांगले म्हणजे सकाळी चक्का वर राहतो व दह्याचे पाणी खालच्या पातेल्यात जमते. ह्या साऱ्या कृतींत तत्त्व एकच आहे. छिद्रापेक्षा जे मोठे ते वर राहावयाचे आणि जे लहान ते खाली उतरावयाचे. गाळणी पदार्थाचा गुण पाहत नाही, केवळ त्याचे आकारमान पाहते. चहाची पत्ती निरुपयोगी म्हणून ती अडकत नाही व साखर हवीशी म्हणून ती सुटत नाही. पत्ती मोठी आणि विरघळलेली साखर अतिशय लहान, एवढेच त्याचे कारण.

हेच तत्त्व मनुष्याने सूक्ष्मतेच्या एका विशिष्ट पायरीपर्यंत नेले, तेव्हा त्यास 'अल्ट्राफिल्ट्रेशन' असे नाव मिळाले. 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडचे. साध्या गाळण्याच्या पलीकडचे जे गाळणे, त्यास मराठीत 'अतिगालन' म्हणता येईल. हा शब्द आता प्रयोगशाळेत कोंडलेला राहिलेला नाही. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या खोक्यांवर 'यू. एफ.' ही दोन अक्षरे छापलेली असतात. आणि ज्या घरातील कोणी मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी असेल, त्या घरातील मंडळींना तीच दोन अक्षरे रुग्णालयातील कागदावरही आढळतात. दुकानातील शब्द आणि रुग्णालयातील शब्द एकच कसा, व त्याचा नेमका अर्थ काय, हे समजून घेण्यासारखे आहे. तो न समजल्यास केवढा घोटाळा होऊ शकतो, ह्याचे उदाहरण वऱ्हाडातील एका जिल्ह्याच्या भूगोलातच सापडते.

बुलढाणा जिल्ह्यात चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या वाटेवर अमडापूर हे गाव लागते. बल्लाळदेवीच्या स्थानामुळे ते त्या बाजूस परिचित आहे. ह्या जिल्ह्यातील लोक आपल्या मुलखाचे दोन भाग मानतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. अमडापूर घाटावरचे. तेथील जमिनीखाली काळा कातळ आहे. विहिरी त्या कातळात खणलेल्या. पाणी बहुधा गोडे, परंतु उन्हाळ्यात ते तळास जाते, आणि पावसाळा लागला की माती, पालापाचोळा आणि गुराढोरांच्या वावराची घाण घेऊन ओढ्यानाल्यांना गढूळ पाणी येते. घाट उतरून खामगाव मागे टाकले आणि शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद ह्या बाजूस गेले म्हणजे पूर्णा नदीचे खोरे लागते. येथे कातळावर गाळाचे प्रचंड जाड थर साचलेले आहेत, आणि त्यांतील पाण्यात क्षार मुरलेले आहेत. बुलढाणा, अकोला आणि अमरावती ह्या तीन जिल्ह्यांतून जाणारा हाच तो खारपाणपट्टा. ह्या पट्ट्यातील विहिरीचे पाणी दिसावयास कित्येकदा स्फटिकासारखे स्वच्छ. पण घोट घेताच जिभेस खारट लागावयाचे.

आता असे समजावे की, अमडापूरच्या एका गृहस्थाने आपल्या घरी अतिगालनाचे एक यंत्र बसविले. पावसाळ्यातील गढूळ पाणी त्यातून निर्मळ होऊन येऊ लागले, मुलांच्या पोटाच्या तक्रारी थांबल्या, आणि वीजही लागली नाही. समाधान पावून त्याने तसेच एक यंत्र घाटाखाली दिलेल्या आपल्या मुलीकडे पाठविले. तेथेही पाणी निर्मळ आले. परंतु पूर्वी जितके खारट होते तितकेच खारट राहिले. वरण पूर्वीसारखेच शिजेना, भांड्यावर पांढरा थर पूर्वीसारखाच बसू लागला. यंत्र बिघडलेले नव्हते आणि दुकानदारानेही फसविलेले नव्हते. यंत्राने आपल्या नावात सांगितलेले काम चोख बजावले होते. नावाचा अर्थ मात्र कोणी विचारला नव्हता.

हा अर्थ लक्षात यावा म्हणून सूक्ष्मतेच्या पायऱ्या एकामागून एक उतरून पाहणे सोयीचे होईल. पहिली पायरी फडक्याची. महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत एके काळी नारूचा रोग सर्रास असे. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाण्यात उतरत, नारूचे जंत पाण्यात जात, आणि पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या क्षुद्र जीवाच्या पोटात शिरून पुन्हा पिणाऱ्याच्या पोटी येत. हा जीव डोळ्यांस जेमतेम दिसण्याइतका, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर लांबीचा असतो. घट्ट विणीच्या फडक्यातून तो जाऊ शकत नाही. म्हणून पाणी गाळून पिणे हा ह्या रोगावरील अत्यंत प्रभावी उपाय ठरला. भारतात नारूचा शेवटचा रोगी १९९६ मध्ये आढळला, आणि २००० साली देश ह्या रोगापासून मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. ह्या यशात फडक्याचा वाटा मोठा आहे.

जुन्या लुगड्याच्या फडक्याची महती ह्याहूनही थोडी पुढे जाते. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या अनेक घड्या करून त्यांतून पाणी गाळण्याचा प्रयोग करण्यात आला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्याने उतरले. पटकीचा जंतू एकटा असला तर फडक्यातून सहज निसटून जाईल; पण पाण्यातील बारीक जीवांच्या अंगाला चिकटून तो राहतो आणि ते जीव घडीत अडकतात. तात्पर्य, निम्मा रोग अडला, निम्मा राहिला. उरलेल्या निम्म्यासाठी पुढची पायरी आवश्यक झाली.

येथे मापाचे एक साधन हाती घेतले पाहिजे. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील एका भागास मायक्रॉन म्हणतात. डोक्याच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन भरते. विषमज्वर, पटकी, हगवण इत्यादी रोगांचे जंतू साधारण अर्ध्या मायक्रॉनपासून काही मायक्रॉनपर्यंत असतात. ते अडवावयाचे तर छिद्र त्याहून लहान हवे. हे काम फ्रान्समध्ये पाश्चर ह्यांचे सहकारी शांबरलां ह्यांनी १८८४ साली केले. झिलई न दिलेल्या चिनी मातीची एक पोकळ नळी करून तिच्या भिंतीतून त्यांनी पाणी पाझरविले, तेव्हा जंतू भिंतीत अडकले आणि निर्जंतुक पाणी आत आले. पुढे घरोघर पोहोचलेली गाळणयंत्रातील पांढरी 'कँडल' ही ह्याच नळीची वंशज होय.

परंतु ह्या नळीनेच एक नवे कोडे उभे केले. १८९२ साली इव्हानोव्हस्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने तंबाखूच्या रोगट पानांचा रस अशा नळीतून गाळला. कोणताही जंतू पलीकडे जाणे शक्य नव्हते. तरीही गाळलेला रस निरोगी रोपास लावताच त्यावर रोग उमटला. जंतूंहूनही लहान असे काही तरी गाळणीतून निसटत होते. विषाणूंच्या शोधाचा आरंभ तो हाच. विषाणूंचे आकार साधारणतः मायक्रॉनच्या पन्नासाव्या भागापासून तिसऱ्या भागापर्यंत असतात. पोलिओचा विषाणू तर मायक्रॉनच्या सुमारे ३ शतांशांएवढा. चिनी मातीच्या छिद्रांना तो दादही देत नाही.

दुसऱ्या बाजूने रसायनशास्त्रज्ञ त्याच उंबरठ्यावर येऊन पोहोचले होते. इंग्लंडमधील टॉमस ग्रॅहॅम ह्यांनी १८६१ साली विद्रावांचे दोन वर्ग केले. मीठ, साखर ह्यांसारखे पदार्थ चर्मपत्रासारख्या पातळ पडद्यातून सहज पार होतात. डिंक, सरस, अंड्यातील पांढरा बलक असे चिकट पदार्थ मात्र मागे राहतात. ह्या दुसऱ्या वर्गास मराठीत 'कलिल' म्हणतात. कलिल पदार्थ पाण्यात विरघळल्यासारखे दिसतात, गाळणकागदातून बिनदिक्कत जातात, तळाशी बसत नाहीत. आणि तरीही त्यांचे कण मिठाच्या कणांपेक्षा कितीतरी मोठे असतात. ते गाळून काढावेत कसे? जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे हाइन्रिख बेखहोल्ड ह्यांनी गाळणकागद कलोडियनच्या विद्रावात भिजवून त्यावर चिकट पडदा जमविला, आणि दाब देऊन द्रव त्यातून लोटला. कलोडियन दाट घेतले की छिद्रे बारीक पडत, पातळ घेतले की मोठी पडत. म्हणजे हवी तशी गाळणी घडविता येऊ लागली. ह्या रीतीस १९०७ साली त्यांनी जे नाव दिले तेच 'अल्ट्राफिल्ट्रेशन'.

ह्या शब्दाचा जन्म असा कलिलांच्या पोटी झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण त्याची मर्यादाही तेथेच ठरली. अतिगालन म्हणजे पातळ पडद्यातून दाबाने द्रव ढकलून त्यातील जंतू, विषाणू, प्रथिने व अन्य मोठे रेणू मागे ठेवणे, आणि पाणी व त्यात खरोखरी विरघळलेले लहान रेणू पुढे जाऊ देणे. ह्या पडद्यांची छिद्रे सामान्यतः मायक्रॉनच्या शतांशापासून दशांशापर्यंत, क्वचित त्याहूनही बारीक असतात. मिठाचे पाण्यात विरघळलेले आयन ह्यांतील अगदी बारीक छिद्रापेक्षाही कित्येक पटींनी लहान. सताड उघड्या दारातून मांजर जावे तसे ते पार होतात.

बेखहोल्ड ह्यांच्यानंतर ह्या विद्येने झपाट्याने पावले टाकली. रसायनशास्त्राचे १९२५ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे झिग्मोंडी ह्यांनी गटिंगन येथे असे पडदे विकसित केले. १९३१ साली इंग्लंडमध्ये एल्फर्ड ह्यांनी क्रमाक्रमाने बारीक होत जाणारी छिद्रे असलेले कलोडियनचे पडदे तयार केले, आणि कोणत्या पडद्याशी कोणता विषाणू अडतो हे पाहून विषाणूंची मापे काढली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने विषाणू प्रत्यक्ष दिसण्यापूर्वीच गाळणीने त्यांचे आकारमान सांगितले होते.

आजचे पडदे कलोडियनचे नसून बहुधा कृत्रिम बहुवारिकांचे, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थांचे असतात. कित्येक यंत्रांत शेवयांसारख्या बारीक, आतून पोकळ अशा नळ्यांची जुडी असते. पाणी नळीच्या भिंतीतून पाझरते आणि घाण एका बाजूस राहते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ह्या तत्त्वावर एक घरगुती साधन सिद्ध केले आहे. त्यात नेहमीच्या कँडलसारख्या सच्छिद्र नळीवर पॉलिसल्फोन नावाच्या बहुवारिकाचा पडदा चढविलेला असतो. नळाच्या दाबावर ते चालते. विजेची गरज पडत नाही. पाण्यातील जंतू व गढूळपणा ते काढते, विरघळलेले क्षार मात्र जसेच्या तसे ठेवते. अमडापूरसारख्या घाटावरच्या गावी हाच त्याचा गुण. कारण तेथील गोड्या पाण्यातील क्षार काढण्याचे काही प्रयोजन नाही, आणि पाण्याचा एक थेंबही टंचाईच्या दिवसांत वाया घालविणे परवडणारे नाही.

अशा यंत्राची निगा मात्र राखावी लागते. अडलेली घाण पडद्यावर साचते, प्रवाह मंद होतो. म्हणून वेळोवेळी पाणी उलट दिशेने सोडून पडदा धुवावा लागतो. पडदा फाटला तर पाणी अधिक वेगाने येऊ लागते, आणि ते पाहून गृहिणीस यंत्र सुधारल्याचा भास होतो. वस्तुतः तो धोक्याचा इशारा होय. शिवाय गाळलेल्या पाण्यात क्लोरीनसारखे पुढेही संरक्षण देणारे काही नसते. गाळलेले पाणी उघड्या भांड्यात ठेवून त्यात हात बुडवला तर सारे श्रम फुकट. झाकणाचे भांडे आणि लांब दांड्याचे ओगराळे ही जुनी शिस्त अतिगालनाच्या युगातही सुटत नाही.

मग घाटाखालच्या मुलीने काय करावे? खारे पाणी कितीही बारीक फडक्यातून गाळले तरी गोडे होत नाही, हे कोणासही पटेल. अतिगालनाचा पडदा हा त्या दृष्टीने फडकेच आहे. बुलढाणा जिल्ह्यातीलच लोणारचे सरोवर ह्याची साक्ष देते. त्यातील पाणी सूर्याच्या तापाने उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि वर्षानुवर्षे असे घडून सरोवर खारे झाले. पाणी आणि क्षार ह्यांची फारकत करावयाची तर एक तर पाण्याची वाफ करावी, किंवा गाळण्याच्या नेहमीच्या तत्त्वाहून निराळे तत्त्व योजावे.

ते निराळे तत्त्व 'व्यस्त तर्षण' ह्या नावाने ओळखले जाते. व्यवहारात त्यास 'आर. ओ.' म्हणतात. मनुका पाण्यात टाकल्या म्हणजे टम्म फुगतात, कारण पाणी पातळ विद्रावाकडून दाट विद्रावाकडे पडद्यातून आपोआप ओढले जाते. हे तर्षण. दाट बाजूवर पुरेसा दाब दिला तर ही ओढ उलटते. क्षार मागे राहून शुद्ध पाणी पलीकडे येते. कॅलिफोर्नियात लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन ह्यांनी १९६० च्या सुमारास असा पडदा सिद्ध केला की ज्यातून पाणी उपयोगी पडण्याइतक्या वेगाने येऊ लागले. तेव्हापासून ही रीत व्यवहारात उतरली. १९६५ साली त्याच प्रांतातील कोअलिंगा ह्या गावास खाऱ्या भूजलापासून अशा रीतीने पिण्याचे पाणी मिळू लागले. अतिगालनास काही थोड्या वातावरणांचा दाब पुरतो. मचूळ पाण्याच्या व्यस्त तर्षणास दहा-वीस वातावरणांचा, व समुद्राच्या पाण्यास पन्नासांहून अधिक वातावरणांचा दाब द्यावा लागतो. त्यासाठी पंप आणि वीज हवी. तसेच मागे राहिलेले क्षार वाहून नेण्यास पुष्कळ पाणी सोडून द्यावे लागते. घरगुती यंत्रांत मिळणाऱ्या पाण्यापेक्षा सोडलेले पाणी बहुधा अधिकच असते. म्हणून गोड्या पाण्यावर हे यंत्र बसविणे म्हणजे टंचाईच्या गावी पाण्याची उधळपट्टी होय.

कोणत्या घरी काय हवे, हे पाण्याच्या परीक्षणाने ठरते. भारतीय मानक संस्थेच्या २०१२ च्या प्रमाणानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरे पाणी मिळतच नसेल तर २००० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालवून घेता येते. ह्या मर्यादेच्या खूप वर असलेल्या पाण्यास अतिगालन हा उपाय नव्हे. ह्याच कारणाने वान धरणाचे गोडे पाणी नळांनी घाटाखालच्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील गावांस पुरविण्याची योजना आखावी लागली. खाऱ्या पाण्यातून क्षार काढण्यापेक्षा मुळात गोडे पाणी आणणे कित्येकदा अधिक सोपे असते.

ह्याच खारपाणपट्ट्यात दुसरीही एक व्यथा कानी येते. तेथील अनेक गावांत मूत्रपिंडाच्या विकाराने पीडित माणसे आहेत, आणि लोक त्याचा दोष खाऱ्या पाण्यास देतात. ह्या विकाराची सर्वत्र आढळणारी प्रमुख कारणे मधुमेह आणि रक्तदाब ही आहेत, हे विसरता येत नाही. पण ज्या घरी हे दुःख आले त्या घरी 'यू. एफ.' ही अक्षरे दुसऱ्या वाटेने येऊन पोहोचतात. कारण अतिगालनाचे सर्वांत जुने आणि सर्वांत कुशल यंत्र मनुष्याच्या देहातच आहे, आणि ते यंत्र म्हणजे मूत्रपिंड.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक झुबका; त्यास केशिकागुच्छ म्हणतात. कार्ल लुडविग ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८४२ साली असे प्रतिपादन केले की, रक्ताच्या दाबामुळेच ह्या गुच्छातून द्रव गाळला जातो. त्यामागे कोणतीही गूढ प्राणशक्ती नाही. हे अनुमान प्रत्यक्ष सिद्ध होण्यास ऐंशी वर्षे लागली. १९२४ साली अमेरिकेत रिचर्ड्स आणि वर्न ह्यांनी बेडकाच्या मूत्रपिंडातील एका गुच्छाभोवतीचा द्रव अतिसूक्ष्म काचनळीने खेचून तपासला. त्यात साखर होती, क्षार होते, प्रथिने मात्र नव्हती. रक्ताचे अतिगालन झाल्यावर जो द्रव अपेक्षावा, तोच तो होता.

ह्या यंत्राचा पसारा थक्क करणारा आहे. निरोगी प्रौढ माणसाच्या मूत्रपिंडांतून दर मिनिटास सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. शरीरातील रक्तद्रव जेमतेम तीन लिटर. तो दिवसातून सुमारे साठ वेळा गाळून निघतो. एवढे सारे पाणी बाहेर गेले असते तर माणूस तासाभरात सुकून गेला असता. प्रत्यक्षात दीड-दोन लिटरच बाहेर जाते. उरलेले शेकडा नव्याण्णव भाग पाणी, आणि त्याबरोबर साखर व लागेल तेवढे क्षार, गुच्छापुढील लांबलचक नलिका परत शोषून घेतात.

येथे निसर्गाची योजना बारकाईने पाहण्यासारखी आहे. गुच्छाचा पडदा रक्तपेशी आणि मोठी प्रथिने अडवितो. मीठ, साखर, युरिया ह्यांत तो भेद करीत नाही. उपयोगी मीठ आणि निरुपयोगी युरिया दोन्ही त्यास सारखीच. कोणते क्षार ठेवावयाचे आणि कोणते टाकावयाचे, हा निवाडा पुढच्या नलिका शक्ती खर्चून करतात. म्हणजे देहातही अतिगालनाने क्षारांचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी दुसरी यंत्रणा लागतेच. समुद्राचे पाणी गोडे करणारे अनेक मोठे कारखाने आज हाच क्रम पाळतात : प्रथम अतिगालनाने गढूळपणा व जंतू काढावयाचे आणि मग व्यस्त तर्षणाने क्षार. घाटाखालच्या त्या घरी जे यंत्र अपुरे पडले, ते निरुपयोगी नव्हते. दोन पायऱ्यांच्या जिन्याची ती केवळ पहिली पायरी होती.

मूत्रपिंडाचा पडदा विटू लागला म्हणजे प्रथिने त्यातून निसटून लघवीत उतरतात. म्हणूनच लघवीतील अल्ब्युमिन तपासण्याची रीत वैद्यक व्यवहारात इतकी रूढ आहे. फाटक्या गाळणीतून पत्ती कपात उतरावी, तसाच हा प्रकार. मधुमेही किंवा रक्तदाबाच्या माणसाने वर्षातून एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी असे डॉक्टर सांगतात. कारण मूत्रपिंड बराच काळ मुकाट्याने सोसते, आणि वेदना होऊ लागण्याची वाट पाहिल्यास फार उशीर झालेला असतो.

मूत्रपिंड पुरते थकले म्हणजे यंत्राचा आश्रय घ्यावा लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, हॉलंडमधील कांपेन गावी डॉक्टर कोल्फ ह्यांनी सेलोफेनच्या नळीतून रोग्याचे रक्त फिरवून पहिले उपयुक्त कृत्रिम मूत्रपिंड चालविले. सेलोफेनची ही नळी मूळची मांसाचे सॉसेज भरण्याच्या कामाची. रक्तातील युरिया नळीच्या भिंतीतून बाहेरच्या द्रवात झिरपे. ह्यास अपोहन, अर्थात डायलिसिस म्हणतात. परंतु अशा रोग्याच्या अंगात पाणीही साठते. पाय सुजतात, छातीत पाणी होते, श्वास कोंडतो. स्वीडनमधील लुंड येथे नील्स आल्वाल ह्यांनी १९४६ च्या सुमारास आपल्या यंत्रात दाब योजून रक्तातील जादा पाणी पडद्यातून बाहेर काढण्याची सोय केली. हेच कृत्रिम मूत्रपिंडातील अतिगालन. आज डायलिसिसच्या कागदावर 'यू. एफ.' पुढे जो आकडा लिहिलेला असतो, तो त्या बैठकीत रोग्याच्या अंगातून किती पाणी काढावयाचे वा काढले, ते दर्शवितो. दोन बैठकांच्या मध्ये रोग्याने पाणी व मीठ जितके अधिक घेतले, तितका हा आकडा वाढतो. आणि तो एकदम फार वाढविला तर रक्तदाब उतरून रोग्यास घेरी येते, पायांत गोळे येतात. ज्यांच्या घरी असा रोगी आहे, त्यांना हा एक शब्द समजला तर पाण्याचा पेला मोजून देण्यामागचे कारणही समजेल.

अतिगालनाचे आणखीही उपयोग आहेत. टांगलेल्या दह्याचे जे पाणी आजवर फेकले जाई किंवा गुरांस पाजले जाई, त्यात दुधातील काही उत्तम प्रथिने निघून जातात. कारण फडक्याची छिद्रे त्यांना फार मोठी पडतात. फ्रान्समधील तिघा संशोधकांनी १९६९ साली दूधच अतिगालनाने आटवून त्यापासून चीज करण्याची पद्धत काढली. तीत ही प्रथिने चीजमध्येच राहतात. चीजच्या कारखान्यांत उरलेल्या पाण्यातूनही आज ह्याच रीतीने प्रथिने वेगळी काढून त्यांची भुकटी करतात. लसी, रक्तजन्य औषधे आणि विकरे निर्माण करणाऱ्या कारखान्यांतही ही रीत वापरतात, कारण तीत उष्णता लागत नाही आणि नाजूक रेणूंना धक्का पोहोचत नाही.

पाणी निवळण्यासाठी जुन्या काळी निवळीच्या झाडाचे बी भांड्यात उगाळीत. संस्कृतात त्या झाडास कतक म्हणतात. मनुस्मृतीत त्याचा दृष्टान्त दिला आहे. कतकाचे फळ पाणी निवळते हे खरे, पण नुसते त्याचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा त्याचा आशय. आजच्या दुकानातील नावांनाही तो दृष्टान्त लागू पडतो. यंत्र विकत घेताना दोनच गोष्टी विचाराव्या : ह्यात काय अडते, आणि ह्यातून काय सुटते? घरच्या पाण्यात गढूळपणा आहे की खारेपणा, हे आधी तपासून घेतलेले असले म्हणजे ह्या दोन प्रश्नांची उत्तरे उपयोगी पडतात. घाटावरच्या अमडापुरात ती उत्तरे एका यंत्राकडे बोट दाखवितील, तर पूर्णेच्या काठी दुसऱ्या.